आधी वीज, वायर आणि सेल, मग डिस्क

काळ्या पडद्यावर ‘प्रायमरी मास्टर हार्ड डिस्क फेल’ अशी ओळ उमटली, की घरातलं किंवा दुकानातलं कुणीतरी लगेच निकाल देतं: डिस्क गेली. निकाल देणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण संगणकच तसं सांगतोय. पण ही ओळ लिहिणारा असतो मदरबोर्डवरचा बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम, आणि त्याला ठाऊक असतं ते एवढंच, की आपण डिस्कला विचारलं आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. का आलं नाही, हे कळायला त्याच्याकडे मार्ग नाही. डिस्क खरोखर मेली असेल. तिला वीज कमी पडली असेल. मधली पट्टी सैल झाली असेल, डिस्कच्या मागच्या पिनांवरचं छोटं टोपण, म्हणजे जंपर, चुकीच्या जागी बसलं असेल, मदरबोर्डवरचा सेल संपून डिस्कची नोंदच पुसली गेली असेल, किंवा निरोप नेणारी कंट्रोलर चिप गडबडली असेल. या सगळ्यांसाठी संदेश बहुधा एकच.

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हा फरक समजून घेण्याला मी फार महत्त्व देतो. अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत तालुक्याच्या गावांत लग्नपत्रिका आणि यात्रेची हँडबिलं छापणाऱ्या प्रेस आहेत, पतसंस्था आहेत, दूध संकलन केंद्रं आहेत. यांच्या मागच्या खोलीत एखादा जुना पेंटियम किंवा सेलेरॉन अजून सापडतो. तो टाकून का दिला नाही, याला कारणं असतात. मराठी टंकलेखनाच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालू करणारं कुलूप, पॅरलल पोर्टला लागतं आणि नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो. सभासदांचे जुने खाते-उतारे डॉसवरच्या प्रोग्रॅममध्ये असतात. गावच्या दहा-पंधरा वर्षांच्या स्मरणिका, कुणाच्या आजोबांच्या कीर्तनांची टिपणं, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा मजकूर त्या एकाच डिस्कवर असतो. अशी डिस्क ‘गेली’ म्हणून काढून ठेवली आणि ती मुळात धड होती, तर ते नुकसान भरून निघत नाही.

या प्रकरणातले संगणक साधारण १९९० ते २००५ या काळातले आहेत: रुंद, चपट्या, चाळीस पिनांच्या पट्टीने हार्ड डिस्क जोडलेले. दोष शोधायचा तर कंट्रोलर नेमका कुठे बसतो हे आधी पाहायला हवं.

१९८० साली अमेरिकेत शुगार्ट टेक्नॉलॉजी या कंपनीने, जी पुढे सीगेट झाली, एसटी-५०६ ही ५ एमबीची डिस्क बाजारात आणली. १९८३ मध्ये आयबीएमने पीसी-एक्सटी काढला, त्यात १० एमबीची डिस्क होती. त्या काळच्या डिस्कला स्वतःची अक्कल जवळजवळ नव्हती. तिच्यात मोटर, तबकड्या, हेड आणि थोडी विद्युतयंत्रणा असे. हेड कुठे न्यायचं, तबकडीवरून येणाऱ्या चुंबकीय खुणांतून अक्षरं कशी काढायची, हे सगळं ठरवायचं काम एका वेगळ्या कार्डाचं होतं, आणि कार्ड ते डिस्क अशा दोन पट्ट्या जायच्या, एक ३४ तारांची आणि एक २० तारांची. एका बनावटीच्या कार्डाने लिहिलेली डिस्क दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला बहुधा वाचता येत नसे. कार्ड जळलं की धडधाकट डिस्कवरची माहितीही हाताबाहेर जायची.

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांच्या पुढाकारातून आयडीई पद्धत आली आणि कंट्रोलर डिस्कच्या पोटाखालच्या हिरव्या पाटीवर गेला. मदरबोर्डवर, किंवा ४८६ पर्यंतच्या संगणकांत एका वेगळ्या कार्डावर, जे उरलं ते प्रोसेसर आणि डिस्क यांच्यामधलं प्रवेशद्वार. त्यालाही सगळे आयडीई कंट्रोलरच म्हणतात. म्हणजे संशयित दोन आहेत, एक मदरबोर्डकडचा आणि एक डिस्कच्या अंगावरचा, आणि दोघांच्या मध्ये पट्टी आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ११ क्रमांकाची नोंद दिसते, ‘ड्रायव्हरला कंट्रोलर एरर आढळला’ अशा अर्थाची. ती वाचून मदरबोर्ड बदलणारे लोक आहेत. प्रत्यक्षात त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागणी गेली आणि नीट परत आली नाही. दोष या तिन्हींपैकी कुठेही असू शकतो, आणि तिन्हींना लागणाऱ्या विजेतही असू शकतो.

आपल्या जिल्ह्यात तपासाची सुरुवात विजेपासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

२००५ नंतरची काही वर्षं आठवून पाहा. महाराष्ट्रात भारनियमन होतं आणि ग्रामीण भागात दिवसातले बरेच तास वीज नसायची. शेतीपंप आणि गावठाण एकाच फीडरवर असायचे, म्हणून पुढे गावठाण फीडर वेगळे काढण्याची योजना आली. त्याआधी, आणि काही ठिकाणी नंतरही, वीज आली की विहिरी-बोअरवरचे ऑटो स्विच लावलेले पंप एकदम उचलायचे आणि गावातलं व्होल्टेज धपकन खाली जायचं. पंप बंद झाले की तेवढंच वर उसळायचं. राहाता, राहुरी, नेवासे या उसाच्या पट्ट्यात संगणक वापरलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. ट्यूबलाइट लुकलुकायची, टीव्हीचं चित्र आकसायचं, आणि संगणक मध्येच आपोआप रीस्टार्ट व्हायचा.

हार्ड डिस्कवर याचा परिणाम दोन प्रकारे होतो. डिस्कला एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, दोन व्होल्टेज मिळतात. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट, ज्यावर मोटर फिरते. लाल वायरवर ५ व्होल्ट, ज्यावर पाटीवरच्या चिपा चालतात. साडेतीन इंची डिस्क थांबलेल्या अवस्थेतून वेग घेते तेव्हा ती १२ व्होल्टवर क्षणभर दोन अँपिअरच्या आसपास करंट ओढते. एसएमपीएस म्हातारा झाला असेल, त्यातले कपॅसिटर सुकले असतील, तर नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज बसतं. डिस्क अर्धवट वेग घेऊन पुन्हा सुरुवात करते, टक् असा आवाज येतो, आणि तोवर बायोसची वाट पाहण्याची मुदत संपते. बाहेरून पाहणाऱ्याला हे ‘डिस्क क्लिक करतेय, म्हणजे हेड गेलं’ असंच वाटतं. थंड संगणक पहिल्यांदा डिस्क दाखवत नाही आणि दोन-तीनदा चालू-बंद केल्यावर दाखवतो, ही याची नेहमीची खूण.

डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि डिस्कला लागतो तसाच मोकळा चार पिनांचा पॉवर कनेक्टर शोधा. काळ्या आणि पिवळ्यामध्ये ११.४ ते १२.६, काळ्या आणि लालमध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. संगणक चालू करताना आणि डिस्क वेग घेत असताना आकडा पाहायचा, कारण नुसता शांत बसलेल्या संगणकाचा आकडा जवळजवळ नेहमीच बरोबर असतो. आकडा मर्यादेबाहेर जात असेल तर एसएमपीएस बदला. तो उघडून बघण्याच्या फंदात पडू नका. बंद केल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज काही काळ साठून असते. पॉवर कनेक्टरच्या आतल्या पितळी नळ्याही पाहा. वर्षानुवर्षं काढघाल झाल्याने त्या पसरतात, पकड सुटते आणि पंख्याच्या थरथरीनेही डिस्कची वीज क्षणभर तुटते.

दुसरा परिणाम लिहिताना वीज जाण्याचा. डिस्क ५१२ बाइटचा एक सेक्टर लिहिते तेव्हा त्यामागे तपासणीची खूणही लिहिते. मध्येच वीज गेली तर सेक्टर अर्धा नवा, अर्धा जुना राहतो आणि खूण जुळत नाही. पुढच्या वेळी वाचताना डिस्क ‘हे वाचता येत नाही’ असं प्रामाणिकपणे कळवते. यालाही लोक बॅड सेक्टर म्हणतात, पण तबकडी तिथे खरवडलेली नसते. त्या जागी पुन्हा लिहिलं की ती जागा पूर्ववत चालते. भारनियमनाच्या काळात खराब ठरलेल्या डिस्कांपैकी काहींचं दुखणं एवढंच असणार, असं मला वाटतं.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं एक बटण जरूर पाहा. आपल्याकडच्या बहुतेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’ आणि ‘नॉर्मल मोड’ असा पर्याय असतो. वीज गेल्यावर बॅटरीवर यायला नॉर्मल मोडमध्ये जास्त वेळ लागतो. पंखा-दिव्याला ते चालतं. एसएमपीएस मात्र पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरू शकतो, आणि जुना असेल तर तेवढाही नाही. संगणक इन्व्हर्टरवर असेल तर बटण यूपीएस मोडवरच हवं. टेबलाखालचा यूपीएस असेल तर त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते, आणि वीज जाईपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

अर्थिंगबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपला बराचसा जिल्हा पर्जन्यछायेत आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रार सर्रास ऐकू येते. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, पण चालू संगणकाला प्रिंटर किंवा दुसरी डिस्क जोडताना तोच करंट नाजूक चिपांमधून वाट काढतो. घर बांधताना मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा असतो, पण पारनेर-पाथर्डीच्या मुरमाड जमिनीत फेब्रुवारीनंतर तो कोरडा पडतो आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. त्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओतत राहणं, हा संगणक दुरुस्तीचाच भाग आहे.

वीज ठीक निघाली, की पट्टी.

आयडीईची पट्टी १८ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी, असं मानक सांगतं. उंच टॉवर कॅबिनेटमध्ये वरच्या सीडी ड्राइव्हपर्यंत पोचायला म्हणून विकल्या गेलेल्या लांब पट्ट्या टाळाव्यात. पट्टीची लाल कड पहिल्या पिनकडे जाते. एकच डिस्क असेल तर ती पट्टीच्या टोकाच्या कनेक्टरला लावायची, मधल्या नाही. मधल्याला लावली तर पुढे लोंबणाऱ्या रिकाम्या तुकड्यावरून संकेत परत उलटतात आणि मूळ संकेतात मिसळतात. पट्टी काढताना वायरला धरून ओढणं हा पट्टी मारण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग. कनेक्टरच्या आत बारीक दात प्रत्येक तारेचं आवरण भेदून आत रुतलेले असतात. ओढल्याने एखादा दात सुटतो, बाहेरून काहीही दिसत नाही, आणि बिघाड कधी येतो, कधी जातो.

१९९९ च्या आसपास ६६ एमबी प्रतिसेकंद वेगाच्या डिस्का आल्या आणि त्यांच्यासाठी ८० तारांची पट्टी आली. कनेक्टर तोच, ४० पिनांचा. वाढलेल्या ४० तारा सगळ्या ग्राउंडच्या, दोन सऱ्यांमध्ये वरंबा असावा तशा दर दोन संकेतांच्या तारांमध्ये एक. त्यामुळे एका तारेतला संकेत शेजारच्या तारेत झिरपत नाही. तिचं निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, म्हणजे पट्टीवरच्या पहिल्या उपकरणाला, राखाडी स्लेव्हला, म्हणजे दुसऱ्याला.

पट्टी खराब असली तरी चूक लपून राहू शकते, हे फार थोड्यांना माहीत असतं. अल्ट्रा डीएमए पद्धतीत पट्टीवरून गेलेल्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर सीआरसी नावाची बेरीज तपासली जाते. चूक झाली तर गठ्ठा पुन्हा पाठवला जातो. त्याआधीच्या पद्धतींत पट्टीवर अशी तपासणीच नव्हती. ४८६ किंवा सुरुवातीच्या पेंटियमवर पट्टी सदोष असेल, तर एखादं अक्षर, एखादा आकडा वाटेत बदलतो आणि बदललेलाच डिस्कवर जाऊन बसतो. डिस्क तो व्यवस्थित सांभाळते आणि कुठलाही संदेश येत नाही. पतसंस्थेच्या खात्यात असं झालं तर काय होईल, याचा विचार करा. म्हणून अशा संगणकावर आधी एक परीक्षा घ्यावी: पन्नास-शंभर एमबीची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करायची आणि डॉसमधल्या एफसी आदेशाने, बायनरी पर्याय लावून, दोन्ही ताडून पाहायच्या. हे दोन-चारदा करावं. एकदाही फरक निघाला तर त्या संगणकावर काहीही नवं लिहिणं थांबवा आणि पट्टी बदला. एखाद्या प्रसंगी रॅमही दोषी निघते. पट्टी बदलूनही फरक येत राहिला तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा.

नंतरच्या डिस्कांवर हेच मोजायला ‘स्मार्ट’ नावाची, डिस्कने स्वतःच ठेवलेली नोंदवही असते. तिच्यातला १९९ क्रमांकाचा रकाना, अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट, पट्टीवरच्या चुका मोजतो. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे नुसता मोठा आहे म्हणून घाबरू नये. लिहून ठेवा, पट्टी बदला, आठवडाभराने पुन्हा पाहा. जागचा हलला नसेल तर काम झालं. ५ क्रमांकाचा, बदली दिलेल्या सेक्टरांचा, किंवा १९७ क्रमांकाचा, वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल, तर दोष तबकडीकडचा आहे आणि घाई करायला हवी.

विंडोज एक्सपीचा एक स्वभाव इथेच सांगतो. एका चॅनलवर, म्हणजे मदरबोर्डला लागलेल्या एका आयडीई पट्टीवर, एकूण सहा चुका जमल्या, की एक्सपी त्या चॅनलचा वेग एक पायरी खाली आणतो, आणि असं होत होत शेवटी पीआयओ मोडवर जातो, जिथे प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः उचलून न्यावा लागतो. संगणक असह्य मंद होतो, गाणं अडखळतं, आणि दुकानात सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून घ्या.’ फॉरमॅट मारल्यावर तो खरंच वेगवान होतो, कारण नव्या विंडोजमध्ये चुकांची मोजणी शून्यापासून सुरू होते. पट्टी तीच असल्याने काही महिन्यांत पुन्हा तेच. खरा उपाय फार साधा आहे: पट्टी बदलायची, डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करायचा आणि रीस्टार्ट करायचं. विंडोज चॅनल नव्याने ओळखतं आणि वेग परत येतो. एका पट्टीपायी किती घरांतले फोटो फॉरमॅटमध्ये गेले असतील, याची मला खंत वाटते.

जंपरबद्दल थोडक्यात. एका पट्टीवर दोन उपकरणं असतील तर एक मास्टर, दुसरं स्लेव्ह. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कांवर ‘सिंगल’ अशी तिसरी जागा असते. डिस्क एकटी असताना तिला ‘मास्टर, सोबत स्लेव्ह’ असं बसवलं, तर ती न असलेल्या जोडीदाराची वाट पाहते आणि बायोस कधी खूप वेळ अडकतो, कधी डिस्क दाखवतच नाही. मेलेला सीडी ड्राइव्हही त्याच पट्टीवरच्या धड डिस्कला अदृश्य करू शकतो. तो काढून पाहायला दोन मिनिटं लागतात.

आता सेल. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा. घड्याळ आणि बायोसच्या नोंदी तो सांभाळतो. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायची चांगली सवय आहे, पण त्यामुळे मदरबोर्डला मिळणारी राखीव ५ व्होल्टची वीजही तुटते आणि सगळा भार सेलवर पडतो. वर्षानुवर्षं कोपऱ्यात ठेवलेल्या संगणकाचा सेल संपलेलाच समजा. ‘सीमॉस चेकसम एरर’ असा संदेश आणि भलत्याच वर्षातली तारीख ही त्याची लक्षणं.

सेल बदलणं सोपं, पण जुन्या संगणकात पुढे एक धोका आहे. ४८६ पर्यंतच्या अनेक बायोसना डिस्क आपोआप ओळखता येत नाही. टाइप ४७ किंवा ‘यूजर’ निवडून सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे हाताने भरावे लागतात. ते डिस्कच्या लेबलवर छापलेले असतात. १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर ही जुन्या बायोसची मर्यादा. गुणाकार केला तर सुमारे ५२८ एमबी होतात. त्याहून मोठ्या डिस्कसाठी ‘एलबीए’ किंवा ‘लार्ज’ असे पर्याय आले. डिस्क ज्या पर्यायावर भरली गेली, त्याच पर्यायावर ती नीट वाचता येते. सेल बदलल्यावर चुकून ‘नॉर्मल’ राहिलं तर फोल्डरांच्या जागी कचरा दिसतो, आणि घाबरून स्कॅनडिस्क चालवला तर तो चुकीच्या पत्त्यांवर ‘दुरुस्ती’ करून खरी माहिती मोडतो. कचरा दिसला तर काहीही लिहू न देता बंद करा आणि बायोसमध्ये दुसरा पर्याय लावून पाहा.

३८६ आणि ४८६ च्या कित्येक मदरबोर्डवर नाण्याच्या सेलऐवजी निकेल-कॅडमियमची पिंपासारखी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती कालांतराने फुटते आणि तिच्यातला अल्कलीयुक्त द्रव तांब्याच्या रेषा खातो. हिरवट-निळसर थर दिसला तर बॅटरी कापून काढा, जागा थोड्या व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हा द्रव विस्तार खाचांपर्यंत पोचला की आयडीईचं कार्ड कधी दिसतं, कधी नाही, असा खेळ सुरू होतो. कार्ड काढून त्याची सोनेरी कड मऊ खोडरबराने घासली आणि पुन्हा घट्ट बसवली, तर निव्वळ धूळ आणि ऑक्सिडेशनची दुखणी जातात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या वावटळींनंतर आलेल्या पहिल्या पावसात साचलेली धूळ ओल धरते, म्हणून जूनच्या आधी एकदा कॅबिनेट उघडून ब्रश आणि ब्लोअर फिरवावा. पंख्याची पाती मात्र बोटाने धरून ठेवा.

इतकं करूनही गडबड राहिली तर कंट्रोलर चिपकडे वळायचं. काही चिपा जन्मतःच सदोष होत्या, आणि हे जाहीर झालेलं आहे. सीएमडी-६४० आणि आरझेड-१००० या दोन चिपा १९९५ मध्ये गाजल्या. पीसीआय मदरबोर्डांवर त्या सर्रास वापरल्या गेल्या होत्या. दोन्ही चॅनल एकाच वेळी चालवले किंवा पुढचं आधीच वाचून ठेवण्याची सोय चालू असली, की काही परिस्थितींत त्या माहिती बिघडवत, आणि तीही गुपचूप. लिनक्सच्या कर्नलमध्ये सीएमडी-६४० साठी खास वेगळा उपाय लिहावा लागला. २००१ मध्ये व्हीआयएच्या ६८६बी या साउथब्रिज चिपेबाबत तक्रारी आल्या: एका चॅनलवरच्या डिस्कवरून दुसऱ्या चॅनलवरच्या डिस्कवर मोठ्या फाइली कॉपी करताना, विशेषतः साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्ड असेल तेव्हा, माहिती बिघडत होती. बायोस आणि ड्रायव्हर सुधारून तो प्रश्न हाताळला गेला. तुमच्या मदरबोर्डवर या चिपा असतील तर पुढचं वाचून ठेवण्याची सोय बंद करणं, दोन्ही डिस्का एकाच चॅनलवर ठेवणं आणि कॉपी झाल्यावर ताडून पाहणं एवढी काळजी घ्या. २००० च्या आसपासच्या मदरबोर्डांवरचे फुगलेले, माथा उचललेले कपॅसिटरही पाहा. त्या काळातल्या सदोष कपॅसिटरांनी जगभरचे बोर्ड मारले.

डिस्कच्या पोटावरच्या कंट्रोलरचंही एक मोठं प्रकरण झालं. २००१-०२ मध्ये फुजित्सूच्या एमपीजी मालिकेतल्या डिस्का मोठ्या संख्येने बायोसला दिसेनाशा होऊ लागल्या. तबकड्या उत्तम होत्या. दोष सिरस लॉजिकच्या चिपेच्या काळ्या कवचात निघाला. आग रोखण्यासाठी त्या मिश्रणात लाल फॉस्फरस घातला होता. उष्णता आणि दमटपणात त्यापासून आम्ल तयार होऊन आतल्या पिनांमध्ये वीज गळू लागे. ही मालिका जुन्या संगणकात आढळली तर ती चालतेय तोवरच प्रत काढून घ्या.

चालू स्थितीत वीज उसळली असेल आणि डिस्क अजिबात फिरत नसेल, किंवा ती जोडली की एसएमपीएसच चालू होत नसेल, तर पाटीवरचा संरक्षक टीव्हीएस डायोड बहुधा शॉर्ट झालेला असतो. उसळलेलं व्होल्टेज स्वतःवर घेऊन तो मेलेला असतो. मल्टिमीटरने तपासून तो काढून टाकला की डिस्क अनेकदा फिरू लागते. आता तिला संरक्षण नाही, म्हणून फक्त प्रत काढण्यापुरतीच ती चालवायची. पाटी स्क्रू काढून सोडवली तर खाली हेड आणि मोटरकडे जाणारे चकचकीत ठिपके दिसतात. ते काळवंडले असतील तर तिथेही खोडरबर चालतो. दुसऱ्या डिस्कची पाटी लावण्याचा जुना तोडगा मात्र जपून. नव्या डिस्कांत त्या-त्या हेडची जुळणी पाटीवरच्या आठ पिनांच्या छोट्या चिपेत साठवलेली असते, आणि ती चिप उचलून नव्या पाटीवर न्यावी लागते. तबकड्यांचं झाकण घरात कधीही उघडू नका.

या सगळ्या तपासात बदल एका वेळी एकच करायचा. संशयित डिस्क दुसऱ्या धड संगणकाला लावून पाहायची, आणि धड डिस्क या संगणकाला. एवढ्या दोन अदलाबदलींतून दोष कोणत्या बाजूला आहे ते बहुतेक वेळा कळतं. पट्टी, डिस्क आणि एसएमपीएस एकदम बदलून संगणक चालू झाला, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही, आणि धड डिस्क भंगारात जाईल.

डिस्क दिसू लागली, की पहिलं काम प्रत काढणं. चेकडिस्क, स्कॅनडिस्क, डीफ्रॅग यांपैकी काहीही आधी चालवायचं नाही, कारण ते सगळे डिस्कवर लिहू शकतात. लिनक्सच्या सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मिळणारा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम मला यासाठी सर्वांत भरवशाचा वाटतो. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो. कुठवर आलो, याचा नकाशा तो वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. मध्येच वीज गेली तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करता येतं. कोणती डिस्क मूळ आणि कोणती प्रतीची, हे आदेश देण्यापूर्वी आकारमान आणि अनुक्रमांक वाचून दोनदा पक्कं करा. उलट झालं तर मूळच पुसलं जातं.

प्रत हाती आल्यावर जुना संगणक चालू ठेवायचाच असेल, म्हणजे डोंगलमुळे तो लागणारच असेल, तर फिरत्या डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीई ॲडॅप्टर लावता येतं. कार्ड निवडताना बायोसची मर्यादा बघा: कुठे ५२८ एमबी, कुठे ८.४ जीबी, आणि नंतरच्या काळात १३७ जीबी. ॲडॅप्टरवरही मास्टर-स्लेव्हचा जंपर असतो. जुनी डिस्क काढाल तेव्हा तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवा: जंपरची जागा, बायोसमधले तीन आकडे, एलबीए की लार्ज, कोणत्या फाँटचा मजकूर आहे आणि प्रत कोणत्या तारखेला काढली. शेवटी त्या प्रतीतल्या दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडून, मराठी मजकूर नीट वाचता येतोय हे पाहून घ्या, आणि मगच जुनी डिस्क कपाटात ठेवा.